दिलेला शब्द : सॉफ्टवेअर लायब्ररीतील नावे बदलणे इतके कठीण का?

'वायटूके' या नावाने गाजलेल्या संकटाची धास्ती घेऊन जागलेल्या जगाने १ जानेवारी २००० रोजी सुटकेचा निःश्वास टाकला. विमाने कोसळली नाहीत, बँकांचे व्यवहारही ठप्प झाले नाहीत. मात्र अनेक संकेतस्थळांवर त्या दिवशी एक विचित्र वर्ष झळकले. ते होते १९१००. अमेरिकेची अधिकृत वेळ राखणाऱ्या तेथील नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावरही तारीख १ जानेवारी १९१०० अशीच दिसत होती.

या प्रकारच्या चुकांमागे संगणकाच्या स्मृतीतील अपुऱ्या जागेइतकाच नावांचाही हात होता. संकेतस्थळांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. या भाषेत वर्ष विचारण्यासाठी 'गेटइयर' नावाचे फंक्शन होते. नाव वाचून ते चालू वर्ष सांगत असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ते १९०० सालापासून किती वर्षे लोटली, तो आकडा देत असे. १९९९ साली उत्तर ९९ येई, प्रोग्रामर त्याच्या आधी १९ जोडत आणि पडद्यावर १९९९ दिसे. २००० साली उत्तर १०० आले, त्याच्या आधीही १९ जोडले गेले आणि १९१०० हे वर्ष उगवले. फंक्शनने नेमून दिलेले काम चोख बजावले होते. त्याचे नाव मात्र वेगळेच काही सांगत होते.

चार आकडी वर्ष सांगणारे 'गेटफुलइयर' हे फंक्शन उपलब्ध करून देण्यात आले आणि जुने फंक्शन वापरू नये, अशी सूचनाही देण्यात आली. परंतु जुने फंक्शन काढून टाकणे कोणालाही शक्य झाले नाही. आजही प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये 'गेटइयर' आहे आणि आजही ते १९०० पासूनचीच वर्षे मोजते.

ही नावे मुळात जावास्क्रिप्टची नव्हेत. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली ही भाषा घाईघाईने रचली, तेव्हा तारखांचा भाग जावा या दुसऱ्या भाषेतून जवळजवळ जसाच्या तसा घेण्यात आला. त्याबरोबर आणखीही काही गोंधळ आले. 'गेटडे' हे फंक्शन महिन्यातील दिवस सांगत नाही, ते वार सांगते, तोही रविवारला शून्य मानून. महिन्यातील दिवस हवा असल्यास 'गेटडेट' वापरावे लागते. 'गेटमंथ' जानेवारीसाठी शून्य हे उत्तर देते. इंग्रजीतील 'डे' या एकाच शब्दात दिवस आणि वार असे दोन अर्थ नांदतात. मराठीत 'वार' हा सुटा शब्द असल्याने ही अडचण मराठी माणसाच्या चटकन लक्षात येते, पण नावे ठेवणाऱ्यांच्या ती आली नसावी. जावाने १९९७ साली १.१ या आवृत्तीत या सर्व नावांवर 'कालबाह्य' असा शिक्का मारला. तोपर्यंत ती दुसऱ्या भाषेत रुजली होती.

दर्शनी भाग आणि आतला भाग

नावाचा हा प्रश्न इतका चिवट का ठरतो, हे समजण्यासाठी लायब्ररी म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. कोणताही प्रोग्रामर प्रत्येक काम मुळापासून लिहीत नाही. तारीख काढणे, यादी क्रमाने लावणे, मजकुरात एखादा शब्द शोधणे अशी वारंवार लागणारी कामे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. तिच्या आत काय चालते, हे वापरणाऱ्याला पाहावे लागत नाही. त्याच्यासमोर असतो तो केवळ दर्शनी भाग, अर्थात इंटरफेस. फंक्शनांची नावे, त्यांना कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यायची आणि बदल्यात काय मिळणार, एवढे या दर्शनी भागात येते. आतली यंत्रणा संपूर्ण बदलली तरी वापरणाऱ्याचा प्रोग्राम चालू राहतो. नावातील एक अक्षर बदलले, तर तो त्या ठिकाणी थांबतो.

यासाठी नेहमीच्या जीवनातील एक उदाहरण देता येईल. बॉम्बेचे मुंबई हे नाव १९९५ साली रूढ झाले, तरी तेथील विमानतळाचा आंतरराष्ट्रीय संकेत बी-ओ-एम हाच राहिला. मद्रासचे चेन्नई होऊनही तेथील मध्यवर्ती रेल्वे स्थानकाचा संकेत एम-ए-एस असाच आहे. तिकिटे, वेळापत्रके, संगणकीय आरक्षण अशा असंख्य ठिकाणी ही अक्षरे कोरली गेली आहेत. तरीही रेल्वेने मनावर घेतले तर संकेत बदलता येतो, कारण यंत्रणा तिच्याच हाती असते. लायब्ररीच्या कर्त्याला ही सोय नसते. आपली फंक्शने कोणत्या देशातील कोणता प्रोग्रामर वापरत आहे, याची त्याला कल्पनाही नसते. प्रसिद्ध केलेले नाव म्हणजे अनोळखी माणसांना दिलेला शब्द असतो आणि तो परत घेण्यासाठी त्या माणसांचा पत्ताच ठाऊक नसतो.

सहा अक्षरांचे राज्य

आजच्या अनेक नावांवर सुरुवातीच्या यंत्रांची छाया पडलेली दिसते. आयबीएम कंपनीने १९५७ साली ७०४ या संगणकासाठी फोरट्रान ही भाषा आणली. त्या यंत्राच्या स्मृतीतील एका घरात ३६ बिट मावत आणि प्रत्येक अक्षराला ६ बिट लागत. साहजिकच एका घरात सहा अक्षरे बसत आणि फोरट्रानमधील नावही सहा अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नसे. ही मर्यादा पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकली. १९९० सालच्या फोरट्रान मानकाने ती ३१ अक्षरांपर्यंत वाढवली.

सहा अक्षरांत अर्थ कसा भरावा, याचे सर्वांत शिस्तबद्ध उत्तर गणिती लायब्ररींनी दिले. १९७९ साली प्रसिद्ध झालेली 'ब्लास' आणि १९९२ साली आलेली 'लापॅक' या लायब्ररींमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेले स्थान आहे. 'डी-जी-ई-एम-एम' हे नाव घ्या. पहिले 'डी' हे अक्षर आकडे दुप्पट अचूकतेचे असल्याचे सांगते. साध्या अचूकतेसाठी तेथे 'एस' येतो. पुढील 'जी-ई' म्हणजे कोणत्याही विशेष रचनेची नसलेली सर्वसाधारण सारणी, तर शेवटचे 'एम-एम' म्हणजे सारणी गुणिले सारणी. नवख्याला हे नाव निव्वळ निरर्थक वाटते, पण एकदा किल्ली हाती आली की शेकडो नावे न शिकता वाचता येतात. पाणिनीच्या व्याकरणातील प्रत्याहारांची ओळख असलेल्या वाचकाला ही युक्ती अपरिचित वाटू नये. ही नावे इतिहासजमाही झालेली नाहीत. पायथॉन भाषेतील नमपाय या लायब्ररीला समीकरणे सोडवण्यास सांगितले, तर ती आजही पडद्याआड लापॅकच्याच फंक्शनकडे काम सोपवते.

सी या भाषेने हीच काटकसर पुढे चालवली. १९८९ सालच्या अमेरिकी मानकानुसार, दुसऱ्या फाइलमधून वापरल्या जाणाऱ्या नावाची केवळ पहिली सहा अक्षरे वेगळी ओळखली जातील एवढीच हमी होती, तीही लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानता. मजकुराची लांबी मोजणारे 'एस-टी-आर-एल-ई-एन' आणि नक्कल करणारे 'एस-टी-आर-सी-पी-वाय' ही स्वरहीन नावे त्या काळाची साक्ष देतात. १९९९ साली सी भाषेची मर्यादा ३१ अक्षरांवर गेली. नावे होती तशीच राहिली.

युनिक्स या कार्यप्रणालीत नवी फाइल निर्माण करणाऱ्या आज्ञेचे नाव 'क्रिएट' असे आहे, पण इंग्रजी स्पेलिंगमधील शेवटचा 'ई' त्यात नाही. ही प्रणाली पुन्हा रचण्याची संधी मिळाली तर काय बदलाल, असे तिचे एक जनक केन थॉम्पसन यांना विचारण्यात आले होते. आपण या शब्दाला शेवटचा 'ई' जोडू, असे उत्तर त्यांनी दिल्याची नोंद ब्रायन कर्निघन आणि रॉब पाइक यांच्या १९८४ सालच्या पुस्तकात आढळते. हे उत्तर विनोदाने दिलेले असले, तरी तो 'ई' आजतागायत जोडला गेलेला नाही.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची कथा थोडी वेगळी आहे. हंगेरीत जन्मलेले चार्ल्स सिमोन्यी यांच्यामुळे तेथे नावाच्या आरंभी माहितीचा प्रकार दर्शवणारी अक्षरे लावण्याची प्रथा रुळली. तिला 'हंगेरियन' पद्धत म्हटले जाऊ लागले. विंडोजच्या संदेशांमधील 'डब्ल्यू-पॅराम' या नावातील 'डब्ल्यू' म्हणजे १६ बिटांचा शब्द. पुढे विंडोज ३२ बिटांची झाली, नंतर ६४ बिटांची झाली, त्याबरोबर ती किंमतही रुंदावत गेली, पण 'डब्ल्यू' जागचा हलला नाही. नावात आजची स्थिती कोरून ठेवली की उद्या ते नाव खोटे ठरते, हा धडा कंपनीनेही घेतल्याचे दिसते. तिच्या डॉटनेट या नंतरच्या व्यासपीठाच्या नियमावलीत हंगेरियन पद्धत टाळण्यास सांगण्यात आले आहे.

क्रियापद की विशेषण?

अक्षरांची टंचाई संपल्यानंतर खरा प्रश्न पुढे आला तो व्याकरणाचा. भाषेच्या अभ्यासकाला या विषयात सर्वाधिक रस वाटावा, तो याच ठिकाणी.

सी प्लस प्लस या भाषेत यादीसाठी 'एम्प्टी' नावाचे फंक्शन आहे. इंग्रजीत हा शब्द क्रियापदही आहे आणि विशेषणही. त्यामुळे हे फंक्शन यादी रिकामी करते की यादी रिकामी आहे काय ते सांगते, हे नावावरून कळत नाही. उत्तर दुसरे आहे. पहिले समजून लिहिणाऱ्याचा प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता चालत असे आणि यादी भरलेलीच राहत असे. अखेर २०२० सालच्या मानकात या फंक्शनावर अशी खूण करण्यात आली, की त्याचे उत्तर न वापरता सोडून दिल्यास भाषांतरक प्रोग्रामने, म्हणजेच कंपायलरने, इशारा द्यावा. मराठीत 'रिकामी कर' आणि 'रिकामी आहे का' यांत असा घोटाळा होण्याचा संभवच नाही, कारण मराठीत आज्ञार्थ आणि प्रश्न शब्दांतूनच वेगळे होतात. इंग्रजीला ही सोय नाही आणि जगातील बहुतेक लायब्ररी इंग्रजीत आहेत.

यावर निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे उपाय शोधले. स्कीम आणि रुबी या भाषांमध्ये फंक्शनाच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावता येते. त्यामुळे 'एम्प्टी' पुढे प्रश्नचिन्ह दिसले की तो प्रश्न आहे, आज्ञा नव्हे, हे उघड होते. मूळ वस्तूत फेरफार करणाऱ्या फंक्शनांसाठी स्कीममध्ये उद्गारचिन्ह वापरण्याचा रिवाज आहे. जावाने 'इज', 'गेट' आणि 'सेट' अशा उपपदांचा मार्ग पत्करला.

पायथॉनमधील 'सॉर्ट' आणि 'सॉर्टेड' ही जोडी याहून उद्बोधक आहे. 'सॉर्ट' ही आज्ञा यादीलाच क्रमाने लावते आणि बदल्यात काहीही देत नाही. २००४ साली २.४ या आवृत्तीत आलेले 'सॉर्टेड' मूळ यादीला हात लावत नाही, क्रमाने लावलेली नवी यादी तयार करून देते. भेद केवळ कृदंताचा आहे, 'लाव' आणि 'लावलेली' यांतील. नवशिके येथे हमखास अडखळतात. 'सॉर्ट' चे उत्तर ते जुन्याच नावात साठवतात आणि यादी गमावून बसतात. जावास्क्रिप्टमध्ये परिस्थिती अधिक फसवी होती. तेथील 'सॉर्ट' मूळ यादीही बदलते आणि तीच यादी उत्तर म्हणूनही देते. त्यामुळे नवी प्रत मिळाली असा समज होतो आणि जुनी यादी नकळत बदललेली असते. प्रत देणारे 'टूसॉर्टेड' त्या भाषेच्या मानकात २०२३ साली समाविष्ट झाले.

ॲपल कंपनीच्या स्विफ्ट भाषेने २०१६ साली तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी हा संकेत थेट नियमावलीत लिहिला. वस्तूत बदल करणाऱ्या फंक्शनाला आज्ञार्थी क्रियापद द्यावे आणि बदललेली प्रत देणाऱ्याला त्याच क्रियापदाचे 'ईडी' किंवा 'आयएनजी' प्रत्यय लागलेले रूप द्यावे, असे ती सांगते. ज्या कामाचे नाव मुळातच नाम आहे तेथे काय करावे? त्यासाठीही सोय आहे. दोन संचांचा संयोग देणारे 'युनियन', तर मूळ संचातच संयोग घडवणारे 'फॉर्मयुनियन'. शालेय व्याकरणाची आठवण करून देणारी ही पाने अभियंत्यांसाठी लिहिली गेली आहेत, हे विशेष.

संकेतांना सुसंगती नसली तर काय होते, याचे उदाहरण म्हणून पीएचपी या भाषेकडे बोट दाखवले जाते. या भाषेत काही नावांत शब्दांमध्ये अधोरेषा आहे, काहींत नाही. मजकूर शोधताना आधी गवताची गंजी आणि मग सुई द्यावी लागते, यादीत शोधताना आधी सुई आणि मग गंजी. सुई आणि गंजी हे शब्द येथे लाक्षणिक अर्थाने वापरलेले नाहीत, पीएचपीच्या अधिकृत दस्तऐवजात या दोन माहितींना हीच नावे आहेत. भाषेचे जनक रासमस लेर्डॉर्फ यांनी २०१३ साली याचे एक नवल वाटावे असे कारण सांगितले होते. अगदी आरंभी फंक्शने शंभरापेक्षा कमी असताना, ती शोधण्यासाठी नावाच्या लांबीनुसार त्यांचे गट पाडले जात. सर्व गट सारखे भरावेत म्हणून काही नावे मुद्दाम लांब किंवा आखूड ठेवण्यात आली. एका छोट्या यंत्रणेची ही गरज केव्हाच संपली. नावे लाखो संकेतस्थळांवर पसरली.

नाव म्हणून कुंपण

नावामुळे होणारा गैरसमज नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. सी भाषेतील मजकुराची नक्कल करणारे फंक्शन नक्कल किती लांबीची होते हे पाहत नाही. जागा अपुरी पडली तर ते शेजारच्या स्मृतीवर लिहीत सुटते. हल्लेखोरांनी या प्रकारच्या त्रुटींचा वर्षानुवर्षे फायदा घेतला आहे. याच फंक्शनाच्या नावात मध्ये एक 'एन' घातलेले भावंड लांबीची मर्यादा पाळते, म्हणून ते सुरक्षित रूप आहे अशी समजूत पसरली. वास्तविक ते निराळ्याच कामासाठी होते. जुन्या युनिक्समध्ये फाइलचे नाव नेमक्या १४ घरांत साठवले जाई आणि ती घरे भरण्यासाठी ते उपयोगी पडे. नाव १४ अक्षरांचे असेल तर शेवटी समाप्तीची खूण ते लावतच नाही. खूण नसलेला मजकूर पुढे वाचणारा प्रोग्राम कोठे थांबावे हे न कळून भलतीकडे वाचत जातो. गोंधळात भर अशी, की मजकूर जोडणाऱ्या फंक्शनाचे 'एन' असलेले भावंड मात्र ही खूण नेहमी लावते. एकाच अक्षराने दोन ठिकाणी दोन वेगळी आश्वासने दिली. लिनक्सच्या गाभ्यात २०१५ साली यासाठी वेगळ्या नावाचे नवे फंक्शन आणण्यात आले आणि जुने टाळावे, अशी सूचना तेथील मार्गदर्शनात आहे.

उलट, नावाचा उपयोग इशाऱ्यासाठी करण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. फेसबुकने २०१३ साली खुल्या केलेल्या रिॲक्ट या लायब्ररीत पानावर थेट मजकूर घुसवण्याची जी सोय आहे, तिचे नाव 'डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल' असे लांबलचक ठेवण्यात आले. परक्याने दिलेला मजकूर तेथे तसाच टाकला तर त्यातून घातक आज्ञा चालू शकतात. नाव टंकण्यास त्रासदायक असणे हाच येथे हेतू आहे आणि दुसऱ्याचा प्रोग्राम तपासणाऱ्याची नजर 'धोकादायक' या शब्दावर आपोआप अडते. सुबक नावापेक्षा असे ओबडधोबड नाव कधीकधी अधिक प्रामाणिक असते.

ॲपलच्या ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत तर रिवाजाचे रूपांतर कायद्यात झाले. 'अलॉक', 'न्यू', 'कॉपी' यांसारख्या शब्दांनी नाव सुरू होत असेल, तर मिळालेल्या वस्तूची स्मृती मोकळी करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, असा तेथे जुना संकेत होता. तो माणसांनी पाळायचा होता. २०११ साली हे काम कंपायलरकडे सोपवण्यात आले आणि तेव्हापासून कंपायलर या नावांवर विसंबू लागला. परिणामी एखाद्या गुणधर्माला 'न्यूटायटल' म्हणजे 'नवे शीर्षक' असे निरागस नाव दिले, तरी तो नाकारला जातो.

बदलाची किंमत

नावे सुधारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. पायथॉनने २००१ साली लेखनशैलीची नियमावली प्रसिद्ध केली. फंक्शनांची नावे लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अधोरेषा देऊन लिहावीत, असे तीत म्हटले आहे. परंतु प्रमाण लायब्ररीचे काही भाग जावाच्या धर्तीवर आधीच लिहिले गेले होते. त्यातील एका भागाला २००८ साली नियमानुसार नवी नावे देण्यात आली. जुन्या नावांना कालबाह्य ठरवण्यास २०२१ साल उजाडले. चाचण्या लिहिण्यासाठी असलेल्या लायब्ररीतील काही जुनी पर्यायी नावे इशारे देऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर, २०२३ साली ३.१२ या आवृत्तीत प्रत्यक्ष काढण्यात आली. नोंदी ठेवणाऱ्या 'लॉगिंग' या भागातील 'गेटलॉगर' मात्र जुन्याच थाटात मिरवत आहे.

जावास्क्रिप्टच्या बाबतीत हा सावकाश मार्गही बंद आहे, कारण वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले संकेतस्थळही नव्या ब्राउझरमध्ये चालले पाहिजे, ही तेथील अट आहे. २०१८ साली याचा प्रत्यय आला. यादीच्या आतील याद्या सपाट करणारे 'फ्लॅटन' हे फंक्शन भाषेत आणण्याचे ठरले होते. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते येताच काही जुनी संकेतस्थळे बिघडली. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने याच नावाचे आपले फंक्शन फार पूर्वी यादीला जोडले होते आणि दोहोंची टक्कर झाली. त्यावर प्रस्तावाच्या एका कर्त्याने 'स्मूश', म्हणजे चेंगरणे, असे गमतीदार नाव सुचवले आणि मोठा वाद उसळला. जुन्या संकेतस्थळांसाठी भाषेने माघार का घ्यावी, असा सवाल काहींनी केला. अखेर 'फ्लॅट' या नावावर तडजोड झाली आणि २०१९ सालच्या मानकात ते आले. चूक नसलेल्या, केवळ आधी कोणीतरी वापरलेल्या नावाचीही ही गत.

या शब्दाची व्याप्ती आता आणखी वाढली आहे. पूर्वी फंक्शनाला द्यायच्या माहितीचा क्रम तेवढा महत्त्वाचा असे, तिचे लायब्ररीच्या आतील नाव काहीही असले तरी चाले. पीएचपीने २०२० साली आठव्या आवृत्तीत माहिती नावानिशी देण्याची मुभा दिली. त्यामुळे आजवर आत झाकलेली हजारो नावे एकाएकी दर्शनी भागात आली आणि तीही बदलणे कठीण झाले. पायथॉनमध्ये ही मुभा आधीपासून होती. तेथे २०१९ साली उलट दिशेने सोय करण्यात आली, की अमुक माहिती केवळ क्रमानेच द्यावी, असे लायब्ररीच्या कर्त्याला सांगता यावे. म्हणजे नाव बदलण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे राहते.

नावांचे मोल किती, हा प्रश्न न्यायालयातही गेला. गूगलने अँड्रॉइडसाठी जावाच्या ३७ भागांतील फंक्शनांच्या घोषणा, म्हणजे नावे आणि त्यांची रचना, जशीच्या तशी घेतली होती. आतील यंत्रणा स्वतः लिहिली होती. या घोषणांच्या सुमारे ११,५०० ओळी होत्या. जावाची मालकी आलेल्या ओरॅकल कंपनीने २०१० साली दावा दाखल केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. अशा घोषणांना स्वामित्वहक्क असतो काय, या प्रश्नाचा निर्णय न्यायालयाने केला नाही. तो आहे असे गृहीत धरूनही हा वापर न्याय्य असल्याचे त्याने ठरवले. या घोषणांचे मोल बऱ्याच अंशी त्या शिकून घेण्यासाठी प्रोग्रामरनी खर्चिलेल्या वेळातून आले आहे, हा बहुमताच्या निकालातील एक महत्त्वाचा मुद्दा होता.

देवनागरीचा प्रश्न

आजवरची सर्व उदाहरणे इंग्रजी नावांची आहेत, याकडे वाचकांचे लक्ष गेले असेलच. इतर लिप्यांतील नावांना वाव आहे काय? नियमांपुरते पाहिल्यास आहे. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत 'किंमत' किंवा 'एकूण' असे नाव देवनागरीत लिहिता येते आणि प्रोग्राम व्यवस्थित चालतो. जावातही ते शक्य आहे. मात्र पायथॉनच्या प्रमाण लायब्ररीतील नावे रोमन लिपीत आणि शक्यतो इंग्रजी शब्दांतच असावीत, असा तिचा नियम आहे. लायब्ररी जगभर वाचली जावी हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे, जरी त्याचा भार नेमका कोणावर पडतो, हे वेगळे सांगायला नको.

गूगलमध्ये जन्मलेल्या आणि २००९ साली जाहीर झालेल्या गो या भाषेत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतील असेल तरच ते फंक्शन लायब्ररीबाहेर दिसते, लहान असेल तर आतच राहते. इतर भाषांत जो केवळ शिष्टाचार आहे, तो येथे भाषेचा नियम आहे. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत. त्यामुळे देवनागरी अक्षराने सुरू होणारे नाव कायम आतले ठरते. शिवाय गोच्या नियमानुसार नावात केवळ अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतात. वेलांटी, काना, मात्रा आणि अनुस्वार यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षराचा दर्जा नसून जोडचिन्हांचा आहे, म्हणून ती वर्ज्य आहेत. 'घर' हे नाव चालते, 'शाळा' चालत नाही. या भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांमध्ये या निर्बंधामुळे वगळल्या गेलेल्यांचे उदाहरण म्हणून देवनागरीचा नावानिशी उल्लेख आहे. मोठ्या अक्षराचा नियम बदलण्याची शक्यता नसल्याचेही तेथेच नमूद करण्यात आले आहे.